‘ऑफिसखर्च किती टक्के?’

दान देणारा मराठी मध्यमवर्गीय माणूस खिशात हात घालण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो. माणसं कुठली, कशाने मरताहेत, त्यांच्यापर्यंत कोण पोचलंय, हे तो विचारत नाही. तो विचारतो, “यांचा ऑफिसखर्च किती टक्के?” उत्तर दहाच्या आत आलं की खूश. वीस ऐकलं की लगेच, “म्हणजे पैसे हेच खातात!” मी पेशाने सीए आहे. ट्रस्टांची ऑडिटं करण्यात माझी हयात गेली. तेव्हा अधिकाराने सांगते, की हा प्रश्न बिनकामाचा आहे, आणि परदेशातल्या युद्धात होरपळलेल्या निर्वासितांना मदत करायची असेल तर घातकही आहे.

ही टक्केवारी कशी तयार होते ते आधी बघा. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टचा जमाखर्च जातो, त्याच्या नवव्या अनुसूचीत ‘आस्थापना खर्च’ अशी एक ओळ असते आणि ‘ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च’ अशी दुसरी. जीपच्या ड्रायव्हरचा पगार या ओळीत घालायचा की त्या? औषधांच्या गोदामाचं भाडं? दवाखान्याचा हिशेब ठेवणारी मुलगी? चहा पिता पिता ठरतं. एकाच संस्थेचा ऑफिसखर्च मी १८ टक्केही दाखवू शकते आणि ६ टक्केही, आणि दोन्ही जमाखर्च कायद्यात बसतात. ज्या आकड्यावर तुम्ही दान करायचं की नाही ते ठरवता, तो आकडा माझ्यासारखं कुणीतरी टेबलावर बसून घडवतं. जगभर हेच चालतं.

हैतीचंच बघा. जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर अमेरिकन रेड क्रॉसने जवळजवळ ५० कोटी डॉलर गोळा केले. प्रत्येक डॉलरमधले ९१ सेंट हैतीसाठी खर्च होतात, असं त्यांच्या प्रमुख सांगत होत्या. आपल्या चोखंदळ दात्याने ऐकताक्षणी चेक फाडला असता. २०१५ साली प्रोपब्लिका आणि एनपीआर या दोन वृत्तसंस्थांनी खोदकाम केलं. पैसे आधी दुसऱ्या संस्थांना दिले गेले होते, त्यांनी आपला खर्च कापून घेतला होता, वर रेड क्रॉसने त्यावर देखरेखीचा खर्च लावला होता. एवढ्या पैशांतून कायमची घरं किती उभी राहिली? सहा. तात्पुरते निवारे, दवाखान्यांना मदत वगैरे झालं, रेड क्रॉसने आपली बाजूही मांडली, तरी सहा ते सहाच. टक्केवारी मात्र शेवटपर्यंत दृष्ट लागण्याजोगी होती.

आता सुदान. आज जगातलं सगळ्यात मोठं विस्थापन तिथलं, आणि आपल्याकडे त्याची चर्चा शून्य. १५ एप्रिल २०२३ला खार्तूममध्ये दोन सेनानींची जुंपली. एकीकडे लष्कराचे अब्देल फताह अल-बुरहान, दुसरीकडे ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ या निमलष्करी दलाचे मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेती. आपल्या सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून साडेतीन हजारांहून अधिक भारतीयांना सुखरूप आणलं. विमानतळावर स्वागताचे फोटो निघाले आणि आपल्या वाहिन्यांपुरता सुदान संपला. सुदानी माणसांचे भोग तेव्हा कुठे सुरू होत होते. त्यानंतर एक कोटीहून जास्त लोक घरादारातून उठले. त्यातले चाळीसेक लाख देशाबाहेर गेले.

जून २०२३मध्ये पश्चिम दारफूरच्या अल-जेनिना शहरात मसालित जमातीची कत्तल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या अहवालात त्या वर्षभरात शहरात मारल्या गेलेल्यांचा अंदाज १० ते १५ हजार दिला आहे. वाचले ते तीसेक किलोमीटर तुडवत सरहद्दीपलीकडे चाडमधल्या आद्रे गावात पोचले. चाळीसेक हजार वस्तीच्या गावात दोन लाखांहून जास्त माणसं येऊन पडली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. काठ्या रोवून वर लुगडी-चादरी टाकलेल्या झोपड्या. आद्रेच्या इस्पितळात ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’च्या पथकाने त्या जूनमध्ये तीन दिवसांत आठशेहून अधिक जखमी हाताळले, बहुतेक गोळ्या लागलेले. हे पथक काही बातमी बघून विमानात बसलं नव्हतं. ते आधीपासून तिथे होतं, लहान मुलांच्या कुपोषणावर काम करत. जेव्हा आद्रे हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा त्या इस्पितळात पगारावर माणसं ठेवण्याचा खर्च कुणीतरी करत होतं. तुमच्या हिशेबात तो कुठे बसतो? आस्थापना!

चाडला समुद्र नाही. मालाची पेटी कॅमेरूनच्या दुआला बंदरात उतरते आणि तिथून राजधानी अंजामेनामार्गे आद्रेपर्यंत दोन हजार किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवते. शेवटचा टप्पा म्हणजे वाळू, आणि पावसाळ्यात ओढे-नाले फुगले की तोही बंद. डिझेल, टायर, ड्रायव्हर, गोदामाचा पहारेकरी, वायरलेस, विमा. हे सगळं कापलं तर तुमचं धान्य शंभर टक्के शुद्ध स्वरूपात दुआलाच्या धक्क्यावर पडून राहील. आणि रस्ता असूनही भागत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये सुदानी सरकारने आद्रेचं नाकं मदतीसाठी बंद केलं ते ऑगस्टपर्यंत. पलीकडे उत्तर दारफूरमध्ये अल-फाशेरजवळच्या झमझम छावणीत त्याच ऑगस्टमध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. नाकं उघडावं म्हणून महिनोन्महिने अधिकाऱ्यांच्या दारात बसणारा माणूसही पगार घेतो. त्याच्या कामाचा फोटो निघत नाही, त्यामुळे दात्याच्या लेखी तो ऐतखाऊ.

फोटोवरून आठवलं. एका माजी विद्यार्थी संघाने सुदानसाठी दोन-तीन लाख रुपये जमवले आणि सल्ल्यासाठी मला बैठकीला बोलावलं. वडापाव, चहा, भरपूर कळकळ. पहिला प्रश्न अर्थातच टक्केवारीचा. दुसरा, “आपल्या पैशांतून नेमकं काय घेतलं ते कळेल ना?” तिसऱ्या गृहस्थांना संघाच्या नावाची पाटी हवी होती, लहानशी चालेल म्हणाले. एका काकूंनी धीटपणे विचारलं, की तिथल्या लोकांना काय लागतं ते त्यांनाच का विचारत नाही? सगळे हसले. शेवटी ठरलं की चादरी पाठवायच्या, कारण सोलापूरला एकांच्या ओळखीतून स्वस्तात मिळत होत्या. मी जहाजाचा खर्च सांगितला तेव्हा शांतता पसरली, आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. ती बैठक अजून व्हायची आहे.

वस्तू पाठवण्याची ही हौस आपल्याला अंगणातल्या अनुभवानेही सोडत नाही. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, आणि धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवल्यावरून केवढा गदारोळ झाला होता! पुराच्या पाण्यातल्या माणसाला फाटका कोट देणारे तेच लोक, उद्या परदेशातल्या निर्वासितालाही तेच देणार.

ज्या मदतीला पाटी नाही, फोटो नाही आणि बहुतेक वेळा पावतीही नाही, तिच्याबद्दल आता सांगते.

सुदानमध्ये सगळ्यात जास्त माणसं कुणी जगवली असतील तर ती मोठमोठ्या नावांच्या संस्थांनी नव्हे. गल्लीगल्लीतल्या पोरापोरींनी. २०१८-१९च्या उठावात मोहल्ल्यांच्या ‘प्रतिकार समित्या’ पुढे आल्या होत्या. युद्ध पेटल्यावर तीच माणसं ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ या नावाने उभी राहिली. विहिरीचा पंप दुरुस्त करायचा, जखमीला हातगाडीवरून न्यायचं, बाळंतिणीला सुईण शोधायची, आणि मुख्य म्हणजे सार्वजनिक चूल पेटती ठेवायची. या चुलींना तिथे तकाया म्हणतात. मोठं पातेलं, मसूर नाहीतर ज्वारीची कांजी, समोर डबे घेऊन रांग. पैसे येतात ते बँक ऑफ खार्तूमच्या ‘बँकक’ नावाच्या मोबाईल ॲपवरून, परदेशातल्या भावाबहिणींकडून. नेटवर्क मेलं की उपग्रहावरच्या इंटरनेटचा जुगाड. रोकड हातात हवी असेल तर मधला दलाल भरमसाट कमिशन कापून घेतो, काही ठिकाणी पाचवा हिस्सा, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. ही कपात तुमच्या कोष्टकात भ्रष्टाचार ठरेल. तिथे ती पातेलं चढवण्याची किंमत आहे.

२०२५ साली या मंडळींना नॉर्वेचा राफ्तो पुरस्कार आणि स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेने परकीय मदत एका फटक्यात गोठवली होती, आणि काही आठवड्यांत अकराशेहून जास्त चुली विझल्या. चालू असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के. एका नळावर सगळी वस्ती अवलंबून ठेवली की असं होतं.

अल-फाशेरचा वेढा मे २०२४च्या सुमारास आवळला गेला आणि २६ ऑक्टोबर २०२५ला शहर पडेपर्यंत सुटला नाही. शेवटच्या महिन्यांत तिथले लोक ‘अंबाझ’ खात होते. तेल गाळल्यावर उरते ती शेंगदाण्याची पेंड. आपण म्हशीपुढे टाकतो ती. पुढे पुढे तीही मिळेना. तकायांच्या पातेल्यात हीच पेंड शिजत होती, आणि ते शिजवणाऱ्यांवर गोळे पडत होते.

इथे माझ्या पेशाची पंचाईत होते, तीही सांगते. ऑडिटर म्हणून मला व्हाउचर हवं, त्यावर घेणाऱ्याचं नाव आणि सही हवी, लाभार्थ्यांची यादी हवी. सुदानमध्ये अशी यादी चुकीच्या हातात पडली तर माणसं उचलली जातात. दोन्ही बाजूंनी या स्वयंसेवकांना शत्रूचे हेर ठरवून पकडलंय, छळलंय, मारलंय. आपण पुण्यात बसून ‘नावं कळवा’ म्हणायचं आणि तिथे त्या नावांचं काय व्हायचं? म्हणून हिशेब सोडून द्यायचा का? मुळीच नाही. तो वेगळ्या रीतीने घ्यायचा. मधली एखादी संस्था असते, ‘म्युच्युअल एड सुदान कोअलिशन’सारखी, जिला नावं ठाऊक असतात पण ती छापत नाही. खर्चाचे साधे तक्ते घ्यायचे, मसुराचा भाव त्या आठवड्याच्या बाजारभावाशी ताडून बघायचा, थोडे पैसे द्यायचे, काम दिसलं की पुढचे. आपल्याकडचा कुठलाही जुना किराणा दुकानदार उधारीचा हिशेब असाच ठेवतो. काही पैसे बुडतील. वेढ्यातल्या शहरात काहीच बुडणार नाही अशी हमी मागणारा माणूस दाता नाही, तो मुदत ठेवीचा ग्राहक आहे.

गंमत म्हणजे मोठ्या संस्था आणि सरकारांना हे सगळं पाठ आहे. २०१६मध्ये त्यांनी ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा करार करून शब्द दिला, की २०२०पर्यंत मदतीचा २५ टक्के पैसा स्थानिक संस्थांना जमेल तितका थेट देऊ. थेट जाणारा हिस्सा अजून पाच टक्क्यांच्या आसपास पोचतानाही धापा टाकतोय. बाकीचा पैसा जिनिव्हा, नैरोबी अशी स्थळं पाहत, प्रत्येक मुक्कामी थोडा थोडा हलका होत खाली उतरतो. ऑफिसखर्चावर संतापायचं असेल तर इथे संतापा. एका संस्थेच्या टक्क्यांत हे दिसत नाही. पैसा किती हातांतून गेला, हे विचारल्यावर दिसतं.

दुसरा एक वर्ग आहे, अमेरिकेतल्या आमच्या भाचेमंडळींचा. यांचं दान एक्सेलमध्ये असतं. ‘गिव्हवेल’ची यादी उघडायची, एक जीव वाचवायला किती डॉलर ते बघायचं, बटण दाबायचं. यांच्याबद्दल मला आदर आहे. मलेरियाची औषधं, मच्छरदाण्या, ‘अ’ जीवनसत्त्व, लसीकरण, सगळं खणखणीत. पण त्या यादीच्या शिखरावर युद्धातला निर्वासित नाही, असायचं कारणही नाही, कारण तोफा चालू असताना दोन गट पाडून प्रयोग करता येत नाही. मोजता येतं तेच खरं, असं एकदा मानलं की जे मोजता येत नाही ते आपोआप बाद होतं. भाच्याने सुदानला शून्य दिले आणि त्याला त्याचं समर्थनही आहे, सूत्रासकट.

मग बघायचं काय? मी चार गोष्टी बघते. संकटाच्या आधी ही संस्था तिथे होती का? तिची माणसं कुठली, विमानाने आलेली की तिथली? बाजार चालू असेल तिथे ती रोख पैसे देते का? आद्रेत बाजार आहे, तिथे बाईच्या हातात पैसे दिले तर तिला तेल हवंय की बाळाचं औषध ते ती ठरवेल. वेढ्यातल्या अल-फाशेरात बाजारच उरला नव्हता, तिथे नोटा देऊन काय उपयोग? आणि चौथी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी: ही संस्था ‘नाही’ म्हणते का? डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर अवघ्या काही दिवसांत डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सने जाहीर केलं, की त्सुनामीसाठी पुरेसे पैसे जमलेत, आता आणखी देऊ नका. दिलेले दुसरीकडे वापरायची परवानगी द्या. बाकी संस्था त्यांच्यावर दातओठ खाऊन होत्या. २०१६मध्ये युरोपने निर्वासितांना तुर्कस्तानात थोपवण्याचा करार केला, तेव्हा याच संस्थेने युरोपीय संघाचा आणि त्याच्या सदस्य देशांचा पैसा नाकारला. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये झमझममधलं काम हिंसाचारामुळे थांबवावं लागलं, ते त्यांनी लपवलं नाही. संस्थेच्या वार्षिक अहवालात एकही फसलेलं काम नसेल, तर तो अहवाल रद्दीत घाला.

त्सुनामीच्या त्या गोष्टीत दात्यांसाठीही एक चपराक आहे. ‘फक्त अमुक संकटासाठी’ अशी अट घातलेला पैसा जिथे कॅमेरे असतात तिथे साचतो आणि जिथे नसतात तिथे दुष्काळ. आद्रेतल्यासारखी पथकं उभी राहतात ती विनाअट पैशांवर. देणगीच्या फॉर्मवर ‘जिथे गरज असेल तिथे’ या चौकोनात खूण करायला आपला हात का थरथरतो, हे मला कळलेलं नाही.

आणि एकदाच देऊन मोकळं होण्याची सवय. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ पोलंडचे जवळपास पाच हजार निर्वासित राहिले. तिथेही बायका-मुलंच जास्त. शाळा होत्या, चर्च होतं, दुकानं होती, नाटकं व्हायची. पाच वर्षं कुणीतरी महिन्याच्या महिन्याला पैसे पुरवत होतं. आज त्या कोल्हापूरच्या आठवणीचं स्मारक वॉर्सात आहे आणि ऑगस्ट २०२४मध्ये आपले पंतप्रधान तिथे जाऊन आले. अभिमानाने सगळ्यांची छाती फुगली. चाडमध्ये फारशाना छावणीत २००३-०४च्या दारफूर हिंसाचारातून आलेले लोक अजून आहेत. वीस वर्षांहून जास्त झाली. तिथे जन्मलेल्या मुलांची लग्नं झाली. त्यांच्यासाठी आपण एकरकमी अकराशे रुपये देऊन व्हॉट्सॲपवर पावती फिरवणार.

“आपल्याकडे काय कमी गरीब आहेत?” हा प्रश्न येणारच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, हेही ऐकवलं जाईल. माझ्या पाहण्यात हे विचारणाऱ्यांच्या विवरणपत्रांत इथल्या गरिबांच्या नावे दिलेली रक्कमही सहसा कोरीच असते. विवरणपत्रं मीच भरते, म्हणून ठाऊक.

आता कामाचं. इथला एखादा ट्रस्ट ‘तुमचे पैसे आम्ही सुदानला पोचवतो, ८०जीची पावतीही देतो’ म्हणाला, तर सावध राहा. भारतीय ट्रस्टने परदेशात केलेल्या खर्चाला आयकरात सूट हवी तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते, आणि ती फार थोड्यांकडे असते. ती दाखवा म्हणावं. तुम्ही स्वतः परदेशी संस्थेला थेट देऊ शकता. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि त्यात देणगीही बसते. ८०जीची सूट मिळणार नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ती तुम्हाला तशीही मिळत नाही, तेव्हा तिच्यासाठी गळा काढू नका. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ साली सुदानमधल्या मदतीसाठी ४२० कोटी डॉलर मागितले होते, त्यातले निम्मेही आले नाहीत. बँकेत जा, ए-टू फॉर्म मागा आणि दरमहा जमेल ती रक्कम विनाअट लावून द्या. काउंटरवरचा मुलगा “सुदान? कशाला?” असं विचारेल. त्याला सांगा.